घंटा वाजेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी शिवणचौकट आहे. हे नाव ऐकून तुमच्यातले निम्मे जण शिवणयंत्राकडे बघू लागले असतील. ते माझे नातलगही नव्हे. मी कपडे शिवत नाही, पुस्तके शिवते. खाली एक जाड फळी, तिच्या दोन टोकांना आटे पाडलेले दोन खांब, वर एक आडवी दांडी, आणि दांडीपासून फळीपर्यंत ताणून बांधलेल्या दोऱ्या, एवढाच माझा संसार. घडी घातलेल्या कागदांचा एकेक जुज माझ्यावर ठेवतात. सुई त्याच्या पोटातून जाते, दोरीला वेढा घालते आणि परत आत शिरते. असे जुजावर जुज चढत गेले की सुट्या कागदांचे पुस्तक होते.

लाकूड सहसा काही मनावर घेत नाही. उन्हाळ्यात फुगायचे, हिवाळ्यात आक्रसायचे, एवढेच त्याला ठाऊक. पण एका नोव्हेंबरच्या दुपारी मी जे पाहिले, त्याचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. आज माझ्या दांडीवर लोक ओले मफलर वाळत घालतात, त्याचेही मला इतके वाईट वाटत नाही. त्या दुपारबद्दल मात्र मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म हॅलिफॅक्सच्या बंदरातला. एका जहाजाच्या सुकाणूचाकासाठी मेपलचे लाकूड आणले होते, त्यातून उरलेल्या तुकड्याची मी. घडवणारा जहाजांचा सुतार. त्याने माझ्या खांबांचे आटे इतके नेमके पाडले की दांडी वरखाली करताना कधी कुरकुर झाली नाही. त्याने मला मॅकास्किल घराण्याच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात पोचवले आणि जाताना दांडीवर टिचकी मारून म्हणाला, "ही बुडणार नाही." बिचाऱ्याला जहाजांपलीकडे काही सुचत नसे.

त्या दुकानात मी तीन पिढ्या पाहिल्या. गायनाची पुस्तके शिवली, बायबले शिवली, स्कॉटलंडच्या जुन्या गॅलिक भाषेतून कविता करणाऱ्या एका पाद्रीबाबांची सगळी बाडे शिवली. पण तिसऱ्या पिढीची मर्डिना माझ्यासमोर बसू लागली, तेव्हा मला कळले की आतापर्यंत आपल्याला नुसते वापरत होते. मर्डिना काम संपले की दोऱ्या सैल करून ठेवायची. रात्रभर ताण राहिला तर लाकूड वाकते, हे इतरांनाही माहीत होते, पण सैल करायची ती एकटीच.

तिचे वडील रोरी मॅकास्किल. एके काळचे नावाजलेले उस्ताद, पण डोळे पूर्ण गेलेले. ते चुलीजवळच्या खुर्चीत बसत आणि बोटांनी आणि नाकाने साऱ्या दुकानावर देखरेख ठेवत.

"मर्डिना, खळीत गुठळी राहिलीय. वासावरून कळतंय मला."

"बाबा, गुठळीला वास नसतो."

"तुझ्या खळीतल्या गुठळीला असतो."

मग दोघेही हसत. खळीत गुठळी कधीच नसे.

आता श्रेणीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. एका धंद्यातल्या कारागिरांची संघटना म्हणजे श्रेणी. फार पूर्वी ग्लासगोहून जहाजाने आलेल्या बांधणीकरांनी आपल्या गावची श्रेणी जशीच्या तशी इथे उभी केली. तिची सभा भरायची, तिचा झेंडा होता, तिची जेवणे व्हायची, आणि नियम तर विचारूच नका. जो उमेदवार श्रेणीची परीक्षा पास होईल तोच उस्ताद. उस्तादालाच दुकानावर आपले नाव लावता येई. मर्डिनाच्या दुकानावर अजून रोरींचेच नाव होते. आजवर एकही बाई परीक्षेला बसलेली नव्हती.

परीक्षा अशी असे. उमेदवाराने एक पुस्तक बांधून द्यायचे. वर नाव नाही, नक्षी नाही, खूण नाही. आत कागद कसलाही चाले. कोणी कोरा घाली, कोणी कचेरीतली जुनी रद्दी. आदल्या दिवशी मुख्य परीक्षक दुकानात येऊन ते पुस्तक न उघडता पिशवीत घालत आणि पिशवीला लाख लावत. दुसऱ्या दिवशी भर सभेत ते सुरीने पुस्तकाची पाठ उभी चिरत, शिवण उघडी करून बघत. मग आख्खे पुस्तक कोमट पाण्याच्या टबात सोडत. का, तर खळ खरी असेल तर पुठ्ठा, कातडे आणि कागद पाण्यात अलगद वेगळे होतात. सरसाने चिकटवून फसवले असेल तर होत नाहीत. शंभर वर्षांनी कोणालातरी ते पुस्तक दुरुस्त करावे लागेल, त्याला ते उलगडता आले पाहिजे. हा विचार मला आजही आवडतो.

पण याला जोडून आणखी एक नियम होता. सुरीचा पहिला काप पडला की शेवटी घंटा वाजेपर्यंत सभेत कोणी एक शब्द बोलायचा नाही. फार पूर्वी कुणाच्या तरी परीक्षेत त्याचे मेहुणे "वाहवा, वाहवा" करत बसले होते, त्यावरून हा नियम निघाला म्हणतात. घंटेआधी कोणी बोलले किंवा उमेदवार मागे वळला, तर उमेदवार नापास, आणि परत परीक्षेला बसायचे नाही. उमेदवाराला भिंतीकडे तोंड करून उभे करत. त्याची शिवणचौकट मात्र टबाशेजारी टेबलावर ठेवत, साक्षीला. म्हणून मी तिथे होते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मार्सली बेटन आमच्या दुकानात आल्या. हे नाव तेव्हा साऱ्या कॅनडात घरोघरी माहीत होते. केप ब्रेटनच्या कोळसाखाणींतल्या बायकांच्या गोष्टी त्या लिहीत. त्यांच्या कादंबऱ्या शाळांत शिकवत, आगगाडीत लोक वाचत, आणि खाणकामगार, जे एरवी काही वाचत नसत, ते बायकोकडून वाचून घेत. एवढी मोठी लेखिका, पण आली ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा काखेत मारून. डब्यात हाताने लिहिलेले कागद.

"हे बांधून द्या," त्या म्हणाल्या. "टायपिस्टकडे द्यायच्या आधी मला ते पुस्तकासारखं हातात धरून वाचायचं असतं. दर वेळचंच आहे माझं."

मर्डिनाने वरचा कागद उजेडात धरला. "बाई, दुसरी प्रत कुठे आहे?"

"लेकराच्या दोन प्रती काढतात का?"

"आणि ही शाई? ही तर शाळेतल्या मुलांची निळी शाई आहे."

"सांडते हो माझ्याकडून. ही कपड्यांवरून धुऊन तरी जाते." मग त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. "माझ्या आईची गोष्ट आहे ही. खाणीत स्फोट झाला तेव्हा तोंडाशी उभी होती ती, तीन दिवस. आयुष्यभर हेच लिहायचं टाळत आले. आता लिहिलं. हे शेवटचं. परत लिहायला सांगितलं तर जमायचं नाही मला, म्हणून म्हणते, जपा."

"वर नाव घालू?"

"नको. छापून येईपर्यंत नाव घालू नये."

तो डबा मर्डिनाने दोन्ही हातांनी घेतला. ते पुस्तक आम्ही दोघींनी मिळून शिवले, असे मी म्हटले तर मला हसू नका. परीक्षेचे पुस्तक आणि बेटनबाईंचे पुस्तक असे दोन्ही त्या दिवसांत माझ्यावर होते, आळीपाळीने. चांगले कातडे एकच होते. त्याचा मधला निर्दोष भाग मर्डिनाने बेटनबाईंसाठी कापला, आणि कडेच्या भागात परीक्षेचे पुस्तक बसवले. दोऱ्याचेही तसेच. परीक्षेच्या पुस्तकात एखादा टाका मनासारखा बसला नाही तर ती "चालेल" म्हणायची. बेटनबाईंच्या पुस्तकात एक टाका बिनसला तेव्हा तिने आख्खा जुज उसवला.

दोन्ही पुस्तके तयार झाली. तपकिरी, बिननावाची, सारख्याच मापाची. शेजारी शेजारी, भिंतीवरच्या फळीवर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बेटनबाई आगगाडीने यायच्या होत्या. श्रेणीने त्यांना सभेला मुख्य पाहुण्या म्हणून बोलावले होते. मर्डिना त्यांना आणायला स्टेशनवर गेली, आणि नेमके तेव्हाच हेक्टर रँकिन पिशवी घेऊन आले. हेक्टर म्हणजे श्रेणीचे मुख्य परीक्षक आणि रोरींचे जन्माचे मित्र.

"पोरगी कुठंय?"

"पाहुणीला आणायला गेलीय. बस, चहा घे."

"चहा उद्या. पुस्तक दे, लाख लावतो. उशिरा लाख लावली तर मंडळी माझंच डोकं खातील."

रोरी उठले, चाचपडत फळीपाशी गेले. दोन पुस्तके त्यांच्या हाताला लागली. श्रेणीच्या नियमाने उमेदवाराचे पुस्तक परीक्षेआधी कोणी उघडायचे नाही, आणि उघडून त्यांना तरी काय दिसणार होते? त्यांनी एकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्याच्या. पुन्हा पहिल्याच्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. असे काम त्यांच्या स्वतःच्या हातूनही कधी झाले नसेल, हे त्यांच्या अंगठ्याला कळले होते. ते बेटनबाईंचे होते.

"हे घे," रोरी म्हणाले. "आणि हेक्टर, उद्या चिरताना जरा मनापासून चीर. असं काम परत मिळायचं नाही."

मित्रांनो, मी तिथेच होते. माझ्या फळीपासून हातभर अंतरावर हे सगळे झाले. मी काय करणार होते? लाकडाला फार तर तडा जातो, तोही आपल्या मनाने नाही. पिशवीचे तोंड बांधले गेले, लाख वितळली, शिक्का बसला. आणि हेक्टर गेल्यावर रोरींनी काय करावे? लेकीला तेवढीच मदत, म्हणून दुसरे पुस्तक त्यांनी तपकिरी कागदात छान गुंडाळले आणि वर सुतळी बांधली. डोळे नसताना केवढी सुबक गाठ.

मर्डिना परत आली तेव्हा खूश होती. बेटनबाई हॉटेलात उतरल्या होत्या.

"हेक्टरकाका येऊन गेले?"

"आले, घेऊन गेले. आणि तुझ्या पाहुणीचं बांधून ठेवलंय बघ."

"तुम्ही कशाला त्रास घेतलात बाबा? मी आत्ताच हॉटेलवर आणून देणार होते, तर बाई नको म्हणाल्या. हातात आलं तर रात्रभर वाचत बसेन आणि उद्या तुमच्या सभेत पेंगेन, म्हणाल्या. उद्या सभेतच देईन." तिने सुतळीची गाठ बघितली, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाठ सोडली नाही. कोण सोडेल?

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेले होते. माझी टेबलावर, टबाशेजारी सोय झाली. टबातून वाफ येत होती. पहिल्या रांगेत श्रेणीचे म्हातारे उस्ताद, त्यांच्यात रोरी, त्यांच्या शेजारी बेटनबाई. मर्डिनाने पुडके बेटनबाईंच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "झाल्यावर सोडा हं. आता सुतळीचा आवाजसुद्धा चालत नाही इथे." बेटनबाई म्हणाल्या, "तू जा. मी शाळेत शिकवलंय, गप्प बसता येतं मला." मर्डिना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. तिच्या बोटांना अजून खळ होती.

हेक्टरांनी लाख फोडली. पुस्तक वर धरून सगळ्यांना दाखवले. जुने उस्ताद पुढे झुकले. कातड्याचा तो मधला निर्दोष तुकडा मी लगेच ओळखला.

पहिला काप पडला. आता शब्द नाही.

सुरी पाठीवरून खाली उतरली. शिवण उघडी झाली. टाके बघून पहिल्या रांगेत माना डोलल्या. हेक्टरांनी पुस्तक उलथून पुठ्ठा बाजूला केला, आणि वरचे पान समोर आले. निळे अक्षर. त्यावर ठळक नाव, मार्सली बेटन, असे मी नंतर ऐकले.

त्यांनी ते वाचले. मी त्यांचे डोळे एका ओळीवर थांबलेले पाहिले. त्यांनी समोर बेटनबाईंकडे पाहिले. मग मर्डिनाच्या पाठीकडे. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनीही मान लांब करून ते नाव वाचले आणि एकमेकांकडे पाहिले. मग घंटेकडे पाहिले. सगळे मूग गिळून बसले. मला वाटले, आता कोणी उठेल. कोणीतरी खोकेल तरी. एवढी मोठी, शहाणी, दाढीवाली माणसे. हेक्टरांनी पुठ्ठा परत पानांवर मिटला. मग त्यांनी ते पाण्यात सोडले.

पाणी लगेच निळे झाले नाही. आधी कडेने एक पुसट रेघ सुटली, धूर सुटावा तशी. मग दुसरी. आणि मग सगळीकडून. मी टबाला खेटून होते. माझ्या फळीवर शिंतोडे उडाले तेही निळे. आणि समोर बसलेल्या कारागिरांच्या अख्ख्या श्रेणीला ते दिसत होते. मी तुम्हाला खरे सांगते, अशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. ऐकायची इच्छाही नाही.

ती मोडली बेटनबाईंनी. त्यांचा धीर सुटला असावा. मांडीवरची सुतळी त्यांनी हळूच सोडली होती आणि पुस्तक उघडले होते. पहिले पान, दुसरे पान, मधले, शेवटचे. मग त्या उभ्या राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या,

"ही पानं कोरी आहेत."

मर्डिना वळली. तिला टब दिसला. ती किंचाळली नाही, धावली. बाह्या वर करायलाही थांबली नाही, दोन्ही हात कोपरांपर्यंत पाण्यात घातले आणि पाने उचलू लागली, तळहातावर, ओले पाखरू उचलावे तशी. आणि तेव्हा, मित्रांनो, तेव्हा हेक्टर रँकिन यांनी घंटा वाजवली.

"सभेत शब्द झाला, उमेदवार वळला," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता, पण ते म्हणाले. "उमेदवार नापास."

मी इतकी वर्षे ज्या श्रेणीच्या नावाने ताठ उभी राहिले, ती ही.

घंटा झाली आणि सगळ्यांना एकदम तोंडे फुटली. सगळे उठले, सगळे मदतीला आले, सगळ्यांना पाने कशी वाळवायची ते उत्तम माहीत होते. माझ्या दोऱ्या सोडून त्यांनी सभागृहाच्या खांबांना बांधल्या आणि त्यावर पाने टाकली. "हलक्या हाताने घे." "टिपकागद आण." "मधले जुज आधी, मधले वाचतील." काय ते कौशल्य, काय ती काळजी. दहा मिनिटे आधी यातले अर्धे शब्द पुरले असते.

रोरी जागच्या जागी उभे होते. गोंधळातून त्यांना सगळे समजले होते.

"मर्डिना," ते म्हणाले. "मी दिलं ते. मी हाताने ओळखलं. चांगलं ते परीक्षेचं असणार, असं वाटलं मला."

तिचे हात कोपरांपर्यंत निळे होते. ती वडिलांकडे न बघता म्हणाली, "चांगलं ते गिऱ्हाइकाचं असतं, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

रोरी खाली बसले. खुर्ची मागे सरकलेली होती. कोणी तरी धरले म्हणून पडले नाहीत. त्यानंतर त्यांनी कधी कोणत्या पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला नाही.

आणि बेटनबाई? त्या पाने टाकलेल्या दोऱ्यांखालून सावकाश चालत होत्या, एकेक पान वाचत. पुस्तकाचा मधला भाग फिकट झाला तरी वाचता येत होता. सुरुवातीची काही पाने गेली. शेवटचा सगळा भाग गेला; टबात तो तळाला होता. तिथे नुसता आकाशाच्या रंगाचा कागद उरला होता. त्या पानांपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. कोणी काही बोलले नाही, आणि यावेळी कोणी मनाई केलेली नव्हती.

आठवड्याने हेक्टर दुकानात आले. टोपी हातात. मर्डिना माझ्यासमोर बसली होती, पण काही शिवत नव्हती.

"काका, नाव वाचलं होतंत ना?"

"वाचलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, एवढी मोठी बाई, टाइप केलेली प्रत घरी असेलच. आणि शाई पक्की असेल. आणि..." ते टोपीची कड चाचपू लागले. "आणि मी बोललो असतो तर तू गेली असतीस. परत बसता आलं नसतं तुला. तुझ्यासाठी गप्प बसलो मी, मर्डिना. आम्ही सगळेच."

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

"तुझं काम बघितलं ना आम्ही. तू पास होतीस. फक्त घंटेपर्यंत..."

"मग शेवटी नापास का केलंत?"

हेक्टर खरोखर गोंधळले. "तू वळलीस ना," ते म्हणाले.

मी हादरले ती तेव्हा, मित्रांनो. सभागृहात हादरले त्याहून जास्त. या माणसाच्या मनात पाप नव्हते. तो त्या पोरीवर माया करत होता. पाणी निळे होत असताना त्याने मायेनेच तोंड बंद ठेवले, आणि नियमानेच उघडले. आजही हे सांगताना माझा विश्वास बसत नाही, आणि मी तर डोळ्यांनी पाहिले आहे, मला डोळे नाहीत तरी.

बेटनबाई हॅलिफॅक्समध्येच राहिल्या. खाणीच्या गावी परत गेल्याच नाहीत. मर्डिनाच्या दुकानात चुलीशेजारी त्यांना टेबल मांडून दिले, आणि दोन हिवाळे त्यांनी ते शेवटचे प्रकरण पुन्हा लिहायचा प्रयत्न केला. आता पेन्सिलीने. हात इतका थरथरे की कधी कधी मर्डिना कागद धरून बसे. त्या लिहीत, वाचत आणि चुलीत टाकत.

"बाई, गोष्ट तर तुम्हाला माहीत आहे," मर्डिना एकदा म्हणाली. "तुमच्या आईची आहे."

"काय घडलं ते माहीत आहे गं. सांगितलं कसं होतं, ते गेलं." मग त्या हसल्या. "एकदाच नीट सांगता आलं होतं मला. आणि ते कोणी वाचलं नाही."

 मर्डिनानेही वाचले नव्हते. गिऱ्हाइकाचे कागद वाचायचे नाहीत, असाही श्रेणीचा एक नियम होता.

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीला बेटनबाई गेल्या. पुस्तक छापले गेले, जेवढे होते तेवढे. बायका खाणीच्या तोंडाशी उभ्या आहेत, आतून माणसे वर आणणारा पिंजरा येतोय, साखळीचा आवाज येतोय, आणि तिथे ते संपते. देशभरातून लोकांनी पत्रे पाठवली, पिंजऱ्यात कोण होते म्हणून. काही अध्यापक म्हणतात, असा अर्धवट शेवट करणे ही लेखिकेची थोर कल्पना आहे. असे ऐकले की मला हसावे की रडावे कळत नाही.

ते शेवटचे प्रकरण माझ्यावरून गेले होते. त्याचा एकेक जुज माझ्या दोऱ्यांना टेकला, त्याच्या पोटातून सुई गेली, मर्डिनाचा श्वास त्यावर पडला. जगात त्याला दोन जणांनीच इतक्या जवळून हाताळले. एकीला वाचायची मनाई होती, आणि दुसरीला वाचता येत नव्हते.

पुढे श्रेणीचे लोक एकदा मखमलीच्या डबीत उस्तादाचा बिल्ला घेऊन आले. नियमाला अपवाद करू, म्हणाले. मर्डिनाने हात पुसले आणि विचारले, "पुढच्या उमेदवाराच्या वेळी बोलता येईल?" ते म्हणाले, तो नियम फार जुना आहे. तिने सुईत दोरा ओवला. दुकानावर तिच्या हयातीत रोरींचेच नाव राहिले.

आता ते दुकान नाही, श्रेणीही नाही. मी एका वाचनालयाच्या जिन्याखाली असते, आणि मघाशी सांगितले तसे, माझ्यावर मफलर वाळत घालतात. माझ्या फळीवर टबाच्या बाजूला अजून निळे ठिपके आहेत. पुसू नका, एवढीच माझी एक मागणी.

आणि दुसरी मागणी अशी. वस्तू जपायला तेल लावावे लागते, धूळ झटकावी लागते, दोऱ्या सैल कराव्या लागतात, हे तुम्हाला शाळेत सांगतीलच. मी सांगते ते कोणी सांगणार नाही. मला तोंड नव्हते, मित्रांनो. मी त्या दिवशी ओरडू शकत नव्हते. तुम्हाला आहे. पाणी निळे होताना दिसले, तर घंटेची वाट बघू नका.